लाल अंगठे

थोरली आणि धाकटी या जुळ्या बहिणी इतक्या हुबेहूब होत्या की कपडे शिवणारी त्यांची आई माप एकीचंच घ्यायची आणि फ्रॉक दोन शिवायची. थोरली जराशी आधी जन्माला आली होती. एवढ्याशा भांडवलावर तिने आजवर थोरलेपणाचा तोरा मिरवला होता. दोघींना कुणी काही विचारलं की उत्तर तिचंच. आम्हाला नको, आम्हाला आवडत नाही, आम्हाला भूक नाही. धाकटीच्या पोटात कावळे ओरडत असले तरी आम्हाला भूक नाही. धाकटीही तक्रार करायची नाही. आयतं उत्तर मिळत असताना आपलं तोंड कशाला शिणवावं, असा तिचा साधा हिशोब.

जीवशास्त्राच्या बाईंना ही जोडी म्हणजे चालताबोलता नमुनाच होती. आनुवंशिकतेचा धडा आला की बाई दोघींना फळ्यापाशी उभं करायच्या आणि एकाच पेशीतून दोन मुली कशा होतात ते सांगायच्या. वर्ग हसायचा, थोरली फुशारायची आणि धाकटी खडूने फळ्याच्या कोपऱ्यात बाईंचं नाक काढायची.

पेशीविभाजन सुरू झाल्यावर दोघींनी कामाची वाटणी करून टाकली. कांद्याच्या कोवळ्या मुळाचं टोक कापायचं, आम्लात मऊ करायचं, लाल रंगात बुडवायचं, काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच झाकायची आणि अंगठ्याने नेमकं सरळ खाली दाबायचं, हे सगळं थोरलीचं काम. अंगठा तसूभर घसरला की पेशींचा चिखल होतो. थोरलीचा कधी घसरत नसे. मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तिला स्वतःच्या पापण्यांपलीकडे काही दिसायचं नाही. तिथे डावखुरी धाकटी बसायची. एकेका पेशीतली गुणसूत्रं ती अशी कागदावर उतरवायची की बाईही तो कागद वर्गभर फिरवून दाखवायच्या. तिने स्वतः पट्टी म्हणून कधी बनवली नव्हती. गरजच काय होती?

पुढच्या वर्षीचे विषय बाई पेशीविभाजनाच्या प्रात्यक्षिक परीक्षेनंतर विचारणार होत्या. थोरलीचं सगळं ठरलेलं होतं. दोघींनी जीवशास्त्र घ्यायचं, एका बाकावर बसायचं आणि मोठेपणी एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी काम करायचं. मध्ये एकदा वेणी घालताना धाकटी म्हणाली होती, की मला चित्रकला घ्यावीशी वाटते. थोरली म्हणाली, "बघू." त्यांच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच होत असे. थोरलीच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. धाकटीशिवाय ती आजवर कुठल्याच वर्गात बसली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची धडकी भरली होती.

परीक्षेत बाईंनी एकीला खिडकीपाशी बसवलं, दुसरीला दाराशी. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. थोरली मात्र तयारीतच आली होती. तिने खिडकीपाशी आपली पट्टी केली आणि हात धुवायला निघाली. मागोमाग धाकटी. बेसिनवरून परतताना दोघींनी जागा बदलल्या. थोरलीने दाराशी दुसरी पट्टी केली, तोवर धाकटीने खिडकीपाशी पहिलं चित्र काढलं. पुन्हा हात धुण्याचा सोहळा, पुन्हा अदलाबदल. शेवटी दाराशी बसून धाकटीने दुसरं चित्र संपवलं आणि दोन्ही बाकांवर सगळं कसं झकास तयार झालं. खुद्द आईची फसगत होते, तिथे बाईंची काय कथा!

बाईंनी पट्ट्या पाहिल्या, चित्रं पाहिली, मान डोलावली. मग वर्गाला सांगितलं की सगळ्यांनी आपले हात वर करून दाखवा.

तो लाल रंग साबणाला दाद देत नाही. वर्गभर लाल अंगठे उभे राहिले. थोरलीचा तर अंगठाच काय, शेजारची दोन बोटंही रंगली होती. आणि दाराशी एक हात वर होता, स्वच्छ, नुसता पेन्सिलीने करंगळीच्या कडेला काळा झालेला.

बाई रागावल्या नाहीत, हेच जास्त झोंबलं. दोघींना जवळ बोलावून त्या म्हणाल्या, "पेशी दुभंगते तेव्हा आधी सगळ्याची दुसरी प्रत करते. दोन्हीकडे सगळं पोचतं. तुम्ही मात्र एकीला हात दिलेत आणि एकीला डोळे. उद्या या, वेगवेगळ्या खोल्यांत बसा."

दुसऱ्या दिवशी थोरली एकटी सूक्ष्मदर्शकासमोर बसली. आधी तिने पुस्तकातलं चित्र आठवून गिरवायला घेतलं, मग खोडलं. तिने डोळा लावला. पापण्या दिसल्या. ती चिकाटीने बघत राहिली. हळूहळू पापण्यांमागून एक पेशी वर आली. तिच्यातली गुणसूत्रं दोन सारख्या घोळक्यांत वेगळी होऊन दोन टोकांना गेली होती. मधली जागा मोकळी होती. कुठल्याच टोकाला काही कमी पडलेलं नव्हतं. थोरली बराच वेळ तिथेच बघत बसली. मग तिने जमेल तसं चित्र काढलं. ते वाकडं आलं, पण तिने स्वतः पाहिलेलं होतं.

शेजारच्या खोलीत धाकटीने दोन मुळांचा चिखल केला होता. तिसऱ्या पट्टीत मात्र काठाला मोजक्या पेशी धड राहिल्या होत्या. ती लाल अंगठा नाचवत बाहेर आली. असा रंगलेला अंगठा तिला फार शोभत होता, हे थोरलीला कबूल करावं लागलं.

बाईंनी दोघींना पास केलं आणि सवयीने थोरलीकडे वळून विचारलं, "तुम्हा दोघींचं काय? जीवशास्त्रच ना?"

'आम्हाला' हा शब्द थोरलीच्या ओठांवर आलाच होता. तिने तो गिळला.

"मला जीवशास्त्र," ती म्हणाली. "हिचं हिलाच विचारा."

धाकटी आधी सवयीप्रमाणे थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने चित्रकला म्हणून सांगितलं, पण इतक्या हळू की बाईंना पुन्हा विचारावं लागलं. दुसऱ्या वेळी ते दारापर्यंत ऐकू गेलं. थोरलीचे डोळे भरून आले आणि ते लपवायला तिने उगाच दप्तर आवरायला घेतलं.

घरी जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी थोरली नेहमीसारखी ताडताड पुढे निघाली होती, ती थांबली.

"तुला भूक लागलीय का गं?"

"हो," धाकटी म्हणाली. "केव्हापासून."