लेन्स बदलायचा शनिवार

दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता मुलगी लेन्स बदलायला यायची. चार म्हणजे चार. बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाची ती मुलगी, तेव्हा याचं कोणाला नवल वाटत नसे. कारखान्यात त्यांना तपासनीस म्हणत. निवृत्त झाल्यावर गल्लीतही तेच नाव राहिलं.

लेन्स पाच होत्या. किडे-मुंग्या टिपायची मॅक्रो, पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची झूम, मोठं दृश्य मावणारी एक वाइड, एक पन्नास मिलिमीटरची आणि चेहऱ्यांसाठी एक पंच्याऐंशीची. बापलेकींचे कॅमेरे एकाच कंपनीचे, त्यामुळे कोणतीही लेन्स कोणाच्याही बॉडीला बसे. मुलगी घरी राहायची तोवर सगळं एकाच कपाटात असायचं. चार वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि महिन्याभरात मुलगी वेगळ्या खोलीवर राहायला गेली. ती हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होती; खोली तिथून जवळ पडते, एवढंच कारण तिने सांगितलं. जाताना दारात बॅग खाली ठेवून म्हणाली, "मॅक्रो आणि पन्नासची नेते. पंधरा दिवसांनी येऊन बदलून नेईन."

खरं कारण दोघांनाही माहीत होतं. आई शेवटचे अकरा दिवस हॉस्पिटलात होती. सहाव्या दिवशी मुलगी म्हणाली होती, तिला घरी नेऊ या, तिला घरी यायचंय. तपासनीस म्हणाले, रिपोर्ट येऊ देत. रिपोर्ट आले, आकडे जुळले नाहीत, पुन्हा तपासणी झाली. त्यांनी तापाचा तक्ता केला होता, दर चार तासांनी एक खूण. बाराव्या दिवशी सकाळी तक्ता थांबला. त्यावर बापलेक एकदाही बोलले नाहीत.

ते लेन्सवर बोलायचे. शनिवारी तपासनीस जेवणाच्या टेबलावर इस्त्री केलेलं पांढरं कापड अंथरायचे. परत आलेली प्रत्येक लेन्स खिडकीच्या उजेडात धरून बघायचे: धूळ, ओरखडा, बुरशी. मग मुलीने काढलेले फोटो लॅपटॉपवर मोठे करून निकाल द्यायचे.

"फोकस डोळ्यावर नाही. मिशीवर आहे."

"मुंगीच्या मिशा होत्या त्या, बाबा. हलत होत्या."

"मुंगी हलणारच. आपण हलायचं नाही."

चहा व्हायचा. चहा घेताना ते तिच्याकडे बघायचे आणि बारीक झालीस असं म्हणण्याऐवजी झूम जड पडते का, असं विचारायचे. ती म्हणायची, नाही पडत. साडेपाचला ती निघायची.

तपासनिसांची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. एकदा ती अशाच शनिवारी येऊन बसली आणि पाऊण तास ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "अरे, तुम्ही बापलेक बोलताय की पंचनामा करताय?"

"आत्या, चहा घे," मुलगी म्हणाली.

यंदा थंडीत तपासनिसांचा उजवा खांदा आखडला. मुलीच्या लक्षात आलं ते त्यांनी झूम डाव्या हाताने पुढे केली म्हणून.

"हात वर करा. दुखतं?"

"नाही."

"मग तोंड असं का झालं?"

तिने खुर्चीमागे उभं राहून खांदा धरला, अंगठ्याने दाबत दाबत दुखरी जागा शोधली आणि तीन व्यायाम शिकवले. चार वर्षांत तिने त्यांना हात लावल्याची ती पहिलीच वेळ होती. जाताना म्हणाली, "हे धूड उचलणं बंद करा. हलका कॅमेरा घ्या आता."

तपासनिसांनी ते मनावर घेतलं. पुढचे तीन महिने त्यांनी कॅमेरा निवडण्यात घालवले. आलेखाच्या कागदावर अकरा रकाने आखले: वजन, सेन्सर, फोकसचा वेग, बॅटरी, पकड आणि असंच पुढे. नव्याजुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ते सात वेळा गेले. चौथ्या खेपेला स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून नेला.

"काका, कंपनीने वजन छापलंय की," दुकानदार म्हणाला.

"बॅटरी आणि कार्ड धरून छापलंय की सोडून?"

दुकानदाराने पुस्तिका उलटसुलट करून बघितली. "लोक घर घेताना एवढं बघत नाहीत हो."

"म्हणून भिंतींना ओल येते," तपासनीस म्हणाले आणि काटा शून्यावर आणला.

सर्वांत जास्त गुण पडले ते दुसऱ्याच कंपनीच्या एका मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला. हलका, पकडायला नेमका, फोकस झटकन पकडणारा. अडचण एकच होती. त्याचं माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते ती कडी, वेगळं होतं. जुन्या पाचांतली एकही लेन्स त्याला बसत नव्हती. दुकानदाराने खणातून बांगडीएवढा एक काळा भाग काढला. "हा अडॅप्टर मध्ये लावा. जुन्या सगळ्या लेन्स चालतील."

तपासनिसांनी तो बोटांत फिरवला. "एक जोड वाढला की एक चूक वाढते," ते म्हणाले आणि परत दिला.

पुढच्या शनिवारी त्यांनी मुलीला तक्ता दाखवला. तिने अकराही रकाने वाचले.

"चांगला आहे," ती म्हणाली. "मग आपल्या लेन्स?"

"त्या नाही बसणार."

"अडॅप्टर मिळतो ना पण?"

त्यांनी तिला दहा मिनिटं समजावून सांगितलं. कडी आणि कडी यांत किती मायक्रॉनची फट राहते, फोकस कसा मंदावतो, धूळ कुठून शिरते. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

नवा कॅमेरा आला, त्याच्यासोबत त्याचीच एक हलकी झूम आली. जुन्या लेन्स बदल्यात घ्यायला दुकानदार तयार होता, भावही बरा देत होता. पण तपासनिसांच्या मनात दुसरं होतं. त्यांनी एक पेटी आणली, आत फोम बसवला, प्रत्येक लेन्सच्या मापाचा खळगा कापला. ओल धरू नये म्हणून पुड्या ठेवल्या. प्रत्येक खळग्याखाली चिठ्ठी चिकटवली. या कामाला दोन संध्याकाळी लागल्या आणि त्या दोन संध्याकाळी ते खुशीत होते. मुलगी खोलीवरून दोन बस बदलून यायची, एका वेळेला पन्नास मिनिटं. येऊन-जाऊन वर्षाचे त्रेचाळीस तास होत होते. ते आता वाचणार होते.

शनिवारी त्यांनी पेटी तिच्यापुढे सरकवली. "तुझ्या."

तिने झाकण उघडलं. "सगळ्या?"

"सगळ्या."

"एकही ठेवत नाही तुम्ही?"

"ठेवून काय करू? मला बसत नाहीत." मग त्यांनी दोन दिवस मनात तयार ठेवलेलं वाक्य सांगितलं. "आता तुला इतक्या लांब फेऱ्या मारायला नकोत."

मुलगी थोडा वेळ चिठ्ठ्या वाचत बसली. "अक्षर छान काढलंय," म्हणाली. त्या दिवशी ती पावणेपाचलाच निघाली. पेटी जड आहे, गर्दीच्या आधी बस मिळवायची असेल, असं त्यांनी धरलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी कापडाला इस्त्री केली. कापड अंथरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आज बदलायला काही नाही. चार वाजून गेले. पाच वाजले. त्यांनी घडी घालून कापड ठेवून दिलं.

पंधरा दिवसांनी तेच. त्यांनी नव्या कॅमेऱ्याने काढलेला एका खंड्याचा फोटो तिला फोनवर पाठवला. पंखांची रेघ न् रेघ मोजता येत होती. उत्तरादाखल अंगठा आला.

दोन महिने असे गेल्यावर बहिणीने विचारलं, "पोरगी दिसली नाही रे बरेच दिवस."

"आता कशाला येईल? लेन्स तिच्याकडेच आहेत."

बहिणीने हातातला पेला खाली ठेवला. "ती लेन्स न्यायला येत होती होय?"

"मग?"

"एकतीस वर्षं केसाएवढी चीर पकडायचास म्हणे तू." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बोलाव तिला."

"काय सांगून बोलावू?"

"काय सांगून म्हणजे? ये म्हण! पोटची पोर आहे, का कारखान्याला पत्र पाठवायचंय?"

बहीण गेल्यावर तपासनीस फोन घेऊन बसले. नुसतं ये म्हणणं त्यांना जमेना. ये म्हटल्यावर ती कशाला म्हणाली तर पुढे काय, हे त्यांच्याकडे नव्हतं. चार वर्षं ती आपण होऊन आली होती, त्यांना कधी बोलवावं लागलं नव्हतं. विचार करता करता त्यांना एक वाट दिसली. अडॅप्टर घ्यायचा. मग जुन्या लेन्स पुन्हा चालतील. मग म्हणता येईल की मॅक्रो जरा हवी होती, शनिवारी आणशील का. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी लगेच चपला घातल्या.

दुकानदार त्यांना बघून हसला. "काय काका, काटा नाही आणला आज?"

"अडॅप्टर दे तो."

"जोड वाढला की चूक वाढते ना?"

"दे रे."

दुकानदार खण धुंडाळत होता तेव्हा तपासनिसांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. मधल्या फळीवर जुन्या मालात पाच लेन्स एका ओळीत उभ्या होत्या. मॅक्रो, झूम, वाइड, पन्नास, पंच्याऐंशी. त्यांनी चष्मा वर करून मॅक्रोच्या कडेवरचा क्रमांक वाचला. मग बाकीच्या चारींचे वाचले. शेवटचा वाचायची खरं तर गरज नव्हती. फळीखाली पेटी होती, झाकण उघडं, खळग्यांखाली त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या.

"ताई देऊन गेल्या," दुकानदार म्हणाला. "झाले दहा-बारा दिवस. त्यांची बॉडीपण दिली. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."

"हो," तपासनीस म्हणाले. अडॅप्टरचं खोकं त्यांच्या हातात आलं होतं. ते तसंच घेऊन ते दुकानाबाहेर पायरीवर आले आणि त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? खांदा का?"

"नाही. खांदा बरा आहे. मी दुकानात आलोय. कॅमेऱ्याच्या."

पलीकडे कोणीतरी मोठ्याने मोजत होतं, सात, आठ, नऊ. "थांबू नका काकू, अजून दहा," मुलगी कोणाला तरी म्हणाली. मग तिचा आवाज जवळ आला. "दिसल्या का?"

"हो."

"सांगणार होते मी."

"कॅमेराही दिलास."

"पडून होता."

"तुला आवड होती त्याची."

"लहान असताना होती. पुढे नव्हती, बाबा."

"अगं, तू दर खेपेला फोटो आणायचीस. तो कोळी, त्या मुंग्या."

"शुक्रवारी काढायचे. ड्यूटी संपली की हॉस्पिटलच्या मागच्या कुंपणाशी जाऊन. शनिवारी तुम्हाला दाखवायला काहीतरी लागायचं ना."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"मग तेव्हा बोलायचंस," तपासनीस म्हणाले. "पेटी दिली तेव्हा."

"काय बोलायचं? फेऱ्या मारायला नकोत म्हणालात तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. पेशंटशी बोलावं तशी ती सावकाश बोलत होती. "आईच्या वेळी मी बोलून बघितलं होतं, बाबा. या वेळी नाही बोलले."

मोजणारा आवाज थांबला होता. तपासनिसांना कळत होतं की आता म्हणायला हवं. बहिणीने सांगितलेला एक शब्द होता. त्याच्याआधी म्हणायला हवे होते असे आणखीही काही होते, चार वर्षांपूर्वीचे. त्यांनी तोंड उघडलं.

"लेन्सची मागची झाकणं दिलीस ना सगळी?"

फोन कानाला तसाच असल्याचं त्यांना तिच्या श्वासावरून कळत होतं.

"दिली, बाबा," ती म्हणाली. "पाचही दिली." आणि मग, "काकू खोळंबल्यात. ठेवते हं."

ते आत आले तेव्हा एक बाई काउंटरशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात नवाकोरा पट्टा लावलेला कॅमेरा. दुकानदाराने मॅक्रो काढून त्यांच्या हातात दिली होती. "यांनाच विचारा," तो तपासनिसांकडे बोट करून म्हणाला. "यांची आहे ती. यांच्याइतका काळजीने वापरणारा माणूस नाही मिळायचा."

"पडली आहे का कधी?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बुरशी वगैरे?"

"नाही."

बाईंनी लेन्स उजेडात धरली. त्या ती उलटी धरून बघत होत्या. तपासनिसांनी पुढे होऊन ती सुलट केली, आतली पाती पूर्ण उघडून दिली आणि काचेतून आरपार कसं बघायचं ते दाखवलं. बाईंनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"एक ठिपका नाही हो," त्या म्हणाल्या. "इतकी चांगली वस्तू, मग दिलीत का?"

तपासनिसांनी अडॅप्टरचं खोकं काउंटरवर ठेवलं.

"चूक झाली," ते म्हणाले. "माझ्या हातून."

बाईंना ती गंमत वाटली. त्या हसल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "द्या मग. बांधा."