पेवाच्या तोंडाशी

मयूरीनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून काढली, जुना स्टोव्ह आणि चपलांचे जोड भिंतीकडे सारले, रिकाम्या जागेत सतरंजी अंथरली आणि वडिलांकडे वळून म्हणाली,

"चला आप्पा. शिरा खाली."

बाळासो उंबऱ्यावर बसून होते. त्यांनी आधी पलंगाकडे पाहिलं, मग गल्लीकडे. रविवारची सकाळ होती आणि समोरच्या ओट्यावर माणसं निवांत दात घासत होती.

"दार लाव आधी. लोक म्हनतील, पोरगी म्हाताऱ्याला पलंगाखाली कोंडून घालतीय."

"उद्या मिरजेला जायचंय. ध्यानात हाय न्हवं?"

"न जाऊन सांगतो कुनाला," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

मानेतल्या मणक्यांनी बाळासोंच्या हातांची शीर धरली होती. आयुष्यभर मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिलेला हा माणूस, आता चहाचा कप त्याच्या हातून सुटायचा आणि सदऱ्याची बटणं मुलीला लावावी लागायची. मिरजेच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. वेळेत ऑपरेशन झालं नाही तर हातांमागोमाग पाय जातील, आणि एमआरआयचा फोटो आल्याशिवाय आपण मानेला सुरी लावणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. फोटो काही निघत नव्हता. एकदा बाळासोंनी आत गेल्यावर थोड्याच वेळात हातातला रबरी फुगा दाबून मशीन थांबवायला लावलं होतं. दुसऱ्यांदा तर ते तिथला हिरवा गाऊन अंगात असतानाच रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करत होते. झोपेचं औषध द्यावं तर हळदीच्या धुळीनं आणि विड्यांनी छातीचा खुळखुळा झालेला. भूलतज्ज्ञांनी साफ नकार दिला. मोठ्या तोंडाचं मशीन कुठंतरी आहे असं सांगणारे पुष्कळ भेटले, पत्ता सांगणारा एकही भेटला नाही.

भीती वाटते असं मात्र बाळासो कुणालाच म्हणाले नव्हते. आत उकडतं, गादी टोचते, त्या बाईचे हात गार आहेत, अशी कारणं ते देत होते. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं चाललं होतं सगळं.

पलंगाखाली झोपण्याची कल्पना मयूरीची. ती खंडाळ्याच्या एमआयडीसीत नोकरी करायची, आणि कंपनीतला अनीश नावाचा मित्र व ती मिळून सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर संगीत जुळवायची. सायकेडेलिक ट्रान्स. त्यात गाणं नसतं, शब्द नसतात. घणासारखा एकच ठोका आणि त्याच्या भोवती घुमत, किंचाळत, वितळत जाणारे आवाज. दोघांचा रिमिक्स अल्बम जगभरातल्या काही हजार माणसांनी ऐकला होता. त्यातला एकही तिच्या गावचा, हरिपूरचा, नव्हता.

बाळासो पहिल्यांदा मशीनमध्ये गेले तेव्हा मयूरी दाराबाहेर उभी होती. आतून धाडधाड ठोके आले, मग घरघर, मग लांबलचक टर्रर्र. बाकावरच्या बायकांनी कानांवर पदर ओढले आणि मयूरीचा पाय मात्र आपोआप ताल धरू लागला. बाप आत घाबरलाय आणि आपला पाय हलतोय, याची तिला लाज वाटली. पण रात्रभर तो आवाज डोक्यात राहिला आणि सकाळी तिला वाटलं, ज्याला आपलं संगीत सोसतं त्याला हे मशीन का सोसू नये? तेव्हापासून दर रविवारी ती गावी येऊन वडिलांना पलंगाखाली निजवत होती आणि कानाला हेडफोन लावून अल्बम ऐकवत होती.

शेवटी बाळासो शिरले. पाठीवर सरकत, कण्हत, पलंगाच्या फळ्या नाकापासून वीतभर अंतरावर येतील असे झोपले. मयूरीनं त्यांच्या कानांवर हेडफोन बसवले.

"ह्या कॅसेटीला गानं म्हनायचं म्हंजे लय झालं," खालून आवाज आला. "गिरणीत दळान घेऊन हुबं ऱ्हाईल्यागत वाटतंय."

"बोलायचं न्हाई. मान हलती."

बाळासो गप्प झाले. थोड्या वेळानं मयूरीनं पाहिलं, धोतराच्या टोकाशी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा ठेक्यावर हलत होता. गेल्या रविवारीही हलला होता. तोंडानं गिरणी म्हणणाऱ्या माणसाचा अंगठा एकही ठोका चुकवत नव्हता, आणि हे त्यांना सांगितलं तर तो थांबेल म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली. आज तिची नजर अंगठ्यावरून हलत नव्हती, कारण आजच्या अल्बममध्ये तिनं एक नवी गोष्ट घातली होती.

वडील मशीनला का भितात हे आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं. हरिपूरच्या जमिनीखाली एके काळी हळदीनं भरलेली पेवं होती. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत खोलीएवढं पोट. पेव उघडलं की आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, कंदील सोडून बघायचा, मग कमरेला दोर बांधून एकजण खाली उतरायचा. वरचा माणूस दोर धरून सारखी हाक मारायचा, "हाय का?" खालून "हाय" असं उत्तर आलं पाहिजे. न आलं तर ओढायचं. बाळासोंच्या तरुणपणी अशाच एका पेवात एकजण गुदमरून गेला आणि बाळासो वाचले, एवढं गावात सगळे जाणत होते. आई असेपर्यंत तिनं तो विषय घरात कधी निघू दिला नाही. आई गेली आणि विषय तसाच राहिला.

तेव्हा मयूरीनं विचार केला होता, आत अडकलेल्या माणसाला वरून कुणीतरी हाक मारत असेल तर त्याला धीर येईल. तिनं खंडाळ्याच्या खोलीत "हाय का?" म्हणणारा स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला, थोडा घुमवला, ठोक्याच्या खाली अलगद बसवला. अनीशलाही ते फार आवडलं होतं.

अंगठा थांबला.

पुढच्याच क्षणी पलंगाखालून धाडकन आवाज आला. बाळासोंचं कपाळ फळीवर आपटलं होतं. ते कोपरांवर रेटत, सतरंजीसकट बाहेर आले आणि त्यांनी हेडफोन ओढून टाकले. बोटांत जोर नसल्यामुळे ते नीट निघालेही नाहीत, गळ्यात लोंबत राहिले.

"आप्पा! काय झालं?"

"कुनी सांगितलं हुतं तुला? ती हाक घालायला कुनी सांगितलं?"

"तुमाला बरं वाटंल म्हनून... तुमी खाली असताना वरून कुनीतरी..."

"मी खाली न्हवतो," बाळासो म्हणाले. "मी वर हुतो."

मयूरी त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली.

"खाली कोंडीबा हुता. माझा मामेभाऊ. बाकीची मानसं पोती टाकाय गाडीकडं गेल्याली. दोर माझ्या हातात. मी हाक मारली की त्यो हाय म्हनायचा. चारदा म्हनला, पाचदा म्हनला. मग म्हनलाच न्हाई." त्यांनी कपाळावरून मनगट फिरवलं. "ओढलं मी. पर एकट्याच्यानं येतंय व्हय ढिलं पडल्यालं अंग? मानसं येईस्तोवर दोर धरून हाका मारत बसलो. अजून कानात तसंच हाय बघ. हाकेच्या मागनं काईच न्हाई."

मयूरी उठली, त्यांच्यासाठी पाणी आणलं, कप दोन्ही हातांनी त्यांच्या ओठांशी धरला. पाणी पितानाही त्यांचा श्वास लागत होता. आपण शहाणपणानं बापाच्या कानात नेमकं काय ओतलं हे कळून तिला रडू येत होतं.

"मग मशीनमधी तुमी का..."

"मशीन वाजतंय त्याचं कायबी न्हाई गं. वाजू दे की किती वाजायचं त्ये. थांबतंय तवा सोसत न्हाई."

आता तिला आठवलं. मशीन चालवणारी शाझिया दोन्ही वेळा बुचकळ्यात पडून म्हणाली होती, बाकीचे पेशंट आवाजाला घाबरतात, तुमचे वडील मशीन गप्प झालं की फुगा दाबतात.

"उद्याचं काय करायचं आप्पा?" तिनं विचारलं.

बाळासोंनी गळ्यातले हेडफोन मनगटानं तिच्याकडे सारले.

"तेवढी हाक काढ," ते म्हणाले. "बाकीचं ऱ्हाऊ दे. त्ये मधी थांबत न्हाई, तेवढंच बरं हाय त्याच्यात."

सोमवारी मिरजेत शाझियानं पेन ड्राइव्ह हातात घेतला आणि भुवया उंचावल्या.

"लोक भजनं आणतात, कव्वाल्या आणतात. हे काय आहे?"

"माझंच आहे," मयूरी म्हणाली. "एक विनंती होती. मधे गाणं बंद करून तुम्ही पेशंटला विचारता ना, कसं वाटतंय म्हणून? ते नका विचारू. गाणं चालूच राहू द्या."

शाझियानं बाळासोंकडे पाहिलं. ते गाऊन घालून खाटेच्या कडेला बसले होते आणि त्यांची नजर मशीनच्या गोल तोंडावर खिळली होती.

"बरं. पण आज झालं नाही तर डॉक्टर मला विचारतील, आणि ऑपरेशनची तारीखही जाईल. तुम्ही आत बसा, पायाशी. अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवा."

मयूरीनं कानातलं, चमकी, केसांतल्या पिना, सगळं काढून दिलं आणि कानांत बोळे घातले. मशीनपाशी चालणारे हेडफोन वेगळे असतात; तारेऐवजी पोकळ नळीतून गाणं येतं. ते बाळासोंच्या कानांवर बसले, मानेभोवती पिंजरा लागला, हातात रबरी फुगा आला आणि खाट आत सरकू लागली. छाती गेली, पोट गेलं, गुडघ्यांपासून खालचे पाय तेवढे बाहेर राहिले. मयूरीनं त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला. पाय बर्फासारखा गार होता.

मशीन गडगडलं. ती अंगठ्याकडे बघत राहिली. बराच वेळ काही नाही. मग अंगठा हलला, पुन्हा हलला, आणि मशीनच्या ठोक्यांशी ज्याचा काही संबंध नाही अशा तालात हलत राहिला. आपल्या अल्बममधला कोणता भाग आता त्यांच्या कानात चालू आहे, हे मयूरीला अंगठ्यावरून ओळखता येत होतं. मशीन मधे थांबायचं, पण अंगठा आपल्या नादात चालू असायचा. फुग्यावरची बोटं आतमध्ये काय करताहेत ते दिसत नव्हतं.

काचेपलीकडे शाझियानं हातवारे केले. एक फोटो हलला होता, तो परत घ्यावा लागणार होता. मयूरीनं मान हलवली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की अल्बम शेवटाला आलाय. तो शेवट तिनं स्वतः बांधला होता. ठोका हळूहळू विरत जातो आणि त्यानंतर काही नाही. तिनं काचेकडे बघून बोट गोल गोल फिरवलं, परत लावा, परत लावा. शाझियाला वाटलं ती मशीनबद्दल विचारतेय. तिनं हसून अंगठा दाखवला.

मयूरीच्या हातातला अंगठा मंद झाला आणि थांबला. त्याच वेळी मशीनही थांबलं.

तिनं कानांतले बोळे काढले. खोलीत कुठंतरी पंख्याची बारीक घूं तेवढी होती. आता फुगा दाबला जाईल, असं तिला वाटलं. तो दाबला गेला नाही. पायही हलला नाही.

"आप्पा?"

उत्तर नाही. छातीचा खुळखुळा, कोंडलेली जागा, आणि आपण सोबतीला दिलेलं गाणं संपलेलं. तिनं वाकून त्या गोल तोंडातून आत पाहिलं. हिरव्या गाऊनचा ढिगारा दिसला, तो वरखाली होतोय की नाही हे कळेना.

"आप्पा, ऐकू येतंय का?"

काही नाही. कालच आपल्या हातानं पुसून टाकलेली हाक तिच्या तोंडून निघाली, आणि ती तिला थांबवता आली नाही.

"हाय का?"

तिनं पाय घट्ट धरला. शाझिया काचेमागे उठून उभी राहिली होती.

"हाय का, आप्पा? हाय का?"

मग आतून, लांबून आल्यासारखा, ओठ न हलवता काढलेला आवाज आला.

"हाय."

मशीन पुन्हा गडगडायला लागलं. मयूरी खाली बसली, कपाळ वडिलांच्या घोट्याला टेकवून. राहिलेला फोटो पुरा होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

खाट बाहेर आली. शाझिया म्हणाली, छान निघालाय, काका, एकदम स्वच्छ. बाळासो उठून बसले. मयूरी गाऊन काढून त्यांच्या अंगात सदरा घालून बटणं लावू लागली.

"किती वेळ लावला बोलायला," ती म्हणाली.

"मान हलवू नका म्हनली हुती न्हवं ती मशीनवाली?"

"तरी पन आप्पा. एवढं हुं तरी म्हनायचं."

बाळासो चपलेत पाय घालायला वाकले आणि थांबले. उजव्या पावलावर तिच्या नखांचे लालभडक ओरखडे उमटले होते. एका ठिकाणी रक्ताचा टिपूस आला होता. त्यांनी आपली बधिर बोटं त्यावरून सावकाश फिरवली. मग वर तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मीबी दोर असाच धरला हुता," ते म्हणाले, आणि पाय चपलेत सरकवला.