तिसऱ्या रांगेतला आवाज

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, आमच्या ब्रेतान्यात, नाचाचं गाणं एकट्यानं म्हणत नाहीत. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं तिचं शेवटचं टोक धरून तीच ओळ परत उचलायची. नाचणाऱ्यांचे पाय थांबता कामा नयेत. आमच्या गावचा जोब आणि त्याचा मुलगा गुल्वेन गोठ्यात धारा काढतानासुद्धा असेच गायचे.

पुढं गुल्वेन रेन शहरात शिकायला गेला आणि तिथलाच झाला. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीहून आलेल्या बुरामाशी त्याची मैत्री जमली. बुरामाचं घराणं पिढीजात गाणाऱ्यांचं. आमची गाणी आणि त्याच्या तंतुवाद्याच्या तारा, असा दोघांचा कार्यक्रम चांगला नावारूपाला आला.

एका रविवारी दुपारी पॅरिसहून एक बाई त्यांना ऐकायला येणार होत्या. पसंत पडले तर मोठ्या महोत्सवात बोलावणं होतं. गुल्वेननं घरी काही कळवलं नाही. जोबनं पेपरात वाचलं, चर्चला घालायचा कोट चढवला आणि बस पकडली.

रंगमंचावर गुल्वेन म्हणाला, "पुढचं गाणं मला एका जुन्या ध्वनिमुद्रणात सापडलं. ते गाणारं आता कुणी हयात नाही."

त्यानं पहिली ओळ टाकली. उत्तर बुरामाच्या तारांनी द्यायचं ठरलं होतं. त्याआधीच तिसऱ्या रांगेतून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज उठला आणि त्यानं ओळ उचलली. जोबनं मुद्दाम केलं नव्हतं. ओळीचं टोक कानावर आलं की तोंड आपसूक उघडायचं.

लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं. गुल्वेननं बापाला ओळखलं, हात वर करून गाणं थांबवलं आणि आमची ब्रेतॉन बोली सोडून, घरात कधी न वापरलेल्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "आजोबा, शांत बसता का जरा? कार्यक्रम चाललाय इथं."

"माफ करा, साहेब," जोब म्हणाला.

कार्यक्रम संपल्यावर पडद्यामागं त्या बाई खुशीत होत्या. "तो मध्येच गाणारा म्हातारा कोण हो?"

"असेल कुणीतरी," गुल्वेन म्हणाला. "खेड्यातली माणसं. दुपारीच थोडी घेतात."

तेवढ्यात बुरामा जोबला कोपराला धरून आत घेऊन आला. "बघ कुणाला आणलंय! काय आवाज आहे यांचा! म्हणतात, मुलाला ऐकायला आलो. मुलगा कोणता विचारलं, तर सांगेनात!"

जोबनं बाईंकडं पाहिलं, मग गुल्वेनकडं.

"माझी चूक झाली," तो टोपी चुरगाळत म्हणाला. "पोरगा इथं नाहीये. मी भलत्याच कार्यक्रमाला आलो. चलतो, बस जाईल माझी."

तो गेला. बाई त्याच्या हातात पेला देत होत्या.

"बिचारा," बुरामा म्हणाला. "इतका कसा चुकला?"

"चुकला नाही तो." गुल्वेननं पेला घेतला नाही. "बाप आहे माझा. ते गाणं त्याचंच आहे."

बाई पेला हातात धरून तशाच राहिल्या. बुरामा त्याच्याकडं वळला. "मग इथं काय करतोयस?"

गुल्वेन धावत सुटला आणि सुटणाऱ्या बसमध्ये चढला. जोब खिडकीशी बसला होता. गुल्वेन शेजारी टेकला.

"तुझा तो मित्र फार गोड आहे," जोब म्हणाला. "दोनदा विचारलंन, जेवलात का म्हणून."

"बाबा, मी..."

"सूर वरचा लावलास तू. दम पुरायचा नाही." बरीच गावं मागं पडली. मग बाहेर बघतच त्यानं विचारलं, "मी मेलो असं का सांगितलंस रे?"

गुल्वेन मान खाली घालून बसला. गाव आलं तेव्हा त्यानं बापाला हात देऊन खाली उतरवलं.

महोत्सवाचं बोलावणं आलं. आता गुल्वेन दर वेळी गाण्याआधी सांगतो, "हे माझ्या वडिलांचं गाणं. जोब त्यांचं नाव, आणि ते अजून गातात." लोक टाळ्या वाजवतात, आणि त्याला मान वर करवत नाही. प्रत्येक वेळी तो बापाला बोलावतो. जोब रागावलेला नाही; पोरगा आला की त्याच्यासाठी पिठाचे पातळ पोळे भाजतो, वर खारं लोणी घालतो. पण कार्यक्रमाचं नाव काढलं की म्हणतो, "नको रे. बसचा त्रास होतो मला."