गौरम्माच्या जागेची किंमत

चाळीस हातमागांचे मालक विरुपाक्ष यांना पुतण्या भीमाशंकरने पुण्याच्या कॉलेजातून एक रीत आणून दिली होती: कागदाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे खर्च, उजवीकडे लाभ, आणि प्रत्येक गोष्टीला आकडा. यंत्रमागांची शेड अक्कलकोट रस्त्यालगतच्या स्वतःच्या शेतात उभारली, तर दोन हजारांची नवी जमीन घ्यावी लागत नव्हती. डावी बाजू जवळजवळ मोकळी होती.

"एक कलम राहिलं की," विरुपाक्ष म्हणाले. "तुझी काकू."

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, गौरम्माला, लिंगायत रीतीप्रमाणे त्याच शेतात बसवून पुरले होते. जमिनीखालच्या कोनाड्यात, तळहातावर इष्टलिंग, भोवती विभूती.

"समाधी हलवू. जंगमांची दक्षिणा, मजुरी. पंचाहत्तर धरा."

"इतकेच?"

"काकूंनी हयातीत स्वतःवर एवढे तरी खर्चू दिले असते का?"

विरुपाक्ष हसले, आणि हसता हसताच त्यांनी आकडा लिहिला.

खणायला मजूर बिरप्पा उतरला तेव्हा ऊन पांढरे झाले होते. काळ्या रानात पाखरूसुद्धा नव्हते. बऱ्याच वेळाने कुदळ थांबली.

"मालक, हितं कुणी न्हाय."

"नीट बघ. जागा हीच."

"जागा हीच हाय की. विभूती हाय. माणूस न्हाय."

विरुपाक्ष वाकले. वरची माती नऊ पावसाळ्यांनी दगडासारखी घट्ट बसली होती. आजवर तिला कुणी हात लावला नव्हता. आत मात्र भिंतीवर पाठीचा खोलगट ठसा होता, आणि विभूतीत मांडी घातल्याच्या दोन वाट्या. हाड नव्हते, इष्टलिंग नव्हते. कुणी शांतपणे उठून गेले होते, आणि जाताना दार लावून घ्यायला विसरले नव्हते.

भीमाशंकरने घाम पुसला. मग कागद काढून पंचाहत्तरवर काट मारली. "खर्च वाचला, काका," तो म्हणाला.

विरुपाक्षांनी शेताच्या अकरा एकरांवर नजर फिरवली. आजवर गौरम्मा एका जागी होती, म्हणून बाकीचे सारे नुसते शेत होते. आता कुठल्या पावलाखाली ती बसली असेल, हे कुणाला ठाऊक?

"मग यंत्रमाग मागवायची तार करू का?" भीमाशंकरने विचारले.

"करू नकोस."

त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या, आणि तापल्या ढेकळांतून अंदाज घेत घेत ते रस्त्याकडे निघाले.