मंजूच्या नावाची हुग्गी

माझ्या सासऱ्यांनी पोटच्या लेकीला जिवंतपणी मारलं आणि त्या मयताचा स्वयंपाक दरवर्षी मी केला. हे असं उघड बोललं की आमच्या भावकीतल्या बायका मान फिरवतात. फिरवू देत.

आप्पा, म्हणजे शंकरप्पा, लातूरच्या आडत बाजारातलं मोठं नाव. शब्दाला पक्का माणूस, असं सगळे म्हणायचे, आणि तीच तर अडचण होती. धाकटी लेक मंजुषा नांदेडच्या अवधूतशी, एका ब्राह्मण मास्तराशी, लग्न करून गेली तेव्हा आप्पांनी तिची गणाराधना घातली. आम्हा लिंगायतांत ती माणूस गेल्यावर करतात. तिथंही ते थांबले नाहीत. ती गेली त्या तिथीला दरवर्षी तिच्या नावानं जंगमांना, आमच्या पुरोहितांना, जेवण. मी इकडं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवायची आणि ती तिकडं नांदेडात मुलांचे डबे भरत असायची. माझ्या नवऱ्याला, मल्लेशला, एकदा विचारलं, "तुमच्या जिवाला काहीच वाटत न्हाई का?" तो म्हणाला, "आप्पापुढं कोण बोलणार?"

यंदा उन्हाळ्यात आप्पा न्हाणीत घसरले. डोक्याला टेंगूळ आलं, उतरलं, आम्ही विसरून गेलो. पुढं आप्पाच विसरायला लागले. दुकान कुठं ते विसरले, सासूबाई वारल्या ते विसरले, सकाळची लिंगपूजा अर्ध्यात सोडून उठायला लागले. आणि राग विसरले. ज्यांनी इतक्या वर्षांत मला कधी नावानं हाक मारली नव्हती, ते "सुकन्या माय, जेवलीस का?" म्हणून विचारू लागले. खोटं कशाला बोलू, मला हे आप्पा फार आवडले.

ती तिथी आली. जंगम नेहमीसारखे आले, जेवून गेले. दुपारनंतर आप्पा दारात खुर्ची टाकून बसले. "मंजू कामून आली न्हाई अजून? शाळा सुटली की." मल्लेश दाराआड जाऊन रडायला लागला. मी त्याच्या हातातला मोबाइल घेतला आणि नांदेडला फोन लावला.

मिळेल त्या एसटीनं ती आली. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून तशीच उभी राहिली. आप्पा म्हणाले, "किती वाळलीस गं. सुकन्या, हिला ताट वाढ." घरात उरली होती ती हुग्गीच. आप्पांनी आपल्या हातानं तिला घास भरवले आणि स्वतःच्याच मयताचं जेवण ती पोटभर जेवली. हसावं की रडावं मला कळेना. आत जाऊन मी रडलेच.

मग ती दर रविवारी यायला लागली. एकदा चुलीपाशी हळूच म्हणाली, "वहिनी, आप्पांनी मला माफ केलं, का नुसते विसरले?"

"तुला काय करायचंय? घास तर मिळाला ना?" मी म्हटलं.

पावसाळा सरता सरता आप्पांचा एक पाय ओढायला लागला. डोक्याचा फोटो काढला. मेंदूवर रक्त साचलंय, डॉक्टर म्हणाले, त्या पडण्यातलंच असणार. छोटं ऑपरेशन करून काढता येईल. "काढलं की बहुतेक पहिल्यासारखे होतील. नाही काढलं तर अंथरुणाला खिळतील, जिवावरही बेतेल."

पहिल्यासारखे! मी मंजूकडं पाहिलं.

मल्लेशनं मंजूला बाहेर बाकड्यावर बसवलं. "तू सांग. तू न्हाई म्हणलीस तर मी सही करणार न्हाई." मला असा संताप आला त्याचा. जन्मभर बापापुढं तोंड उघडलं नाही आणि आता एवढा धोंडा हिच्या गळ्यात! पण माझंही मन काही धुतलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "थोडं थांबू मंजू. जेवढे दिवस मिळतील तेवढे घे."

मंजूनं मान हलवली. "वहिनी, हे आप्पा लई गोड हायेत. पण मला घराबाहेर ह्यांनी न्हाई काढलं. ज्यांनी काढलं त्यांनीच मला आत घ्यायला पाहिजे, दुसऱ्या कोणी घेऊन काय उपयोग? आणि माझ्या घासासाठी बाप मरू देऊ का मी? दादा, कर सही."

ऑपरेशन नीट झालं. आप्पा सावध झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना एकेक विचारायला सुरुवात केली. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मल्लेशला बघून कपाळाला आठ्या घातल्या, "तू इथं काय करायलास? दुकानावर कोण हाय?" डॉक्टर खूश झाले. माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, ह्या कोण?

"सून," आप्पा म्हणाले. नाव घेतलं नाही.

"आणि ह्या?"

मंजू पायथ्याशी उभी होती. आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"ओळखत न्हाई."

"बाबा, नीट बघा जरा," डॉक्टर म्हणाले.

"म्हणलं ना, ओळखत न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते मल्लेशला म्हणाले, स्मरणशक्ती अजून पूर्ण आलेली दिसत नाही, परत एकदा फोटो काढावा लागेल.

"नको डॉक्टर," मंजू पदरानं डोळे पुसत म्हणाली. "सगळं आठवलंय त्यांना."