भुरीनं ओढून धरलेलं दूध

माझी बायको झुंबर वारली आणि भुरी म्हशीचं दूध तुटलं. झुंबर धारेला बसायची तेव्हा बादली फेसानं वर यायची. आता बादलीचा तळ झाकला तरी पुष्कळ. चारा तोच होता, सरकी तीच होती. बदललं होतं एवढंच, की झुंबरच्या जागी सून बसत होती. मी सरळ विचार केला. दूध कोणीतरी नेतं, आणि घरात नेणारं माणूस एकच आहे.

सून कौशल्या डोणगावची. तिला दिवस गेले होते. मुलगा रंगराव नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कामाला, सुट्टीला तेवढा वडनेरला घरी यायचा. बाकीचे दिवस घरात मी आणि ती.

मी काठी घेऊन गोठ्याच्या दारात बसू लागलो. ती धार काढायची, मी तिच्या हाताकडे पाहायचो. दूध आणखी कमी झालं. म्हणजे मी शेतात गेल्यावर ती काढत असणार. मग शेतात जाणंही कमी केलं.

शेजारच्या वच्छलाबाईनं भिंतीवरून विचारलं, "शेषरावभाऊ, दारोगा झाले का? पगार कोन देते, म्हैस?"

"चोर सापडू दे, मंग सांगतो."

"सापडला तं मलेबी दाखवा. आमच्या घरी याले चोरालेबी लाज वाटते."

मला हसू आलं नाही. त्या दिवसांत कशाचंच येत नव्हतं. रात्रीची झोप गेली होती. चुलीपाशी भांडं पडलं तरी छाती धडधडायची. अडकित्ता ठेवायचो एकीकडे, शोधायचो दुसरीकडे, आणि वाटायचं, हिनंच हलवला. मग एक दिवस पेटी उघडली तर झुंबरचं हिरवं लुगडं नव्हतं. धारेच्या वेळी नेसायची ते, नऊवारी, विटलेलं. तिची बाकीची लुगडी मी वाटून टाकली होती, ते एक ठेवलं होतं.

आता संशय राहिला नाही. कौशल्याला विचारलंही नाही. डोणगावकडे जाणाऱ्या एका व्यापाऱ्याजवळ तिच्या भावाला निरोप धाडला: बाजाराच्या दिवशी या आणि बहिणीला घेऊन जा.

रंगरावला कुठून कळलं कोण जाणे. बाजाराच्या आदल्या दिवशी तो आला, तो ढोरांच्या डॉक्टरला घेऊनच.

"बाबा, ती गेली तं मीबी परत याचा नाई," तो दारातच म्हणाला. "मंग एकटेच राखा म्हैस."

डॉक्टरनं भुरीची कास चाचपली. "दगडासारखी आहे. दूध कोणी नेलेलं नाही. आत आहे, ती वर ओढून धरते."

"काऊन?"

"ही काठी रोज आणता?"

"चोरासाठी आनतो. तिले नाई मारत."

"तिला ते काय माहीत? बाई गेल्या त्या दिवशी घरात रडारड झाली असेल, माणसं गोळा झाली असतील. रोजची बाई दिसेना, आणि आता दारात काठी. तिच्या डोक्यानं घेतलं की जिवावर बेतलंय. मूत्रपिंडांच्या वर लहानशा गाठी असतात. भीती वाटली की त्यांतून रस सुटतो आणि रक्तात मिसळतो. छाती धडधडते, अंग पळायला तयार होतं. पळायच्या वेळी पान्हा कसा सुटेल? आणि रोज असंच चाललं तर डोक्याला तेच वळण लागतं. मग काठी नसली तरी काठी दिसते."

तो भुरीकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

"त्या गाठी म्हशीलेच असते का?"

"सगळ्यांना असतात. तुम्हाला झोप लागते का, शेषराव?"

"तुमी ढोराचे डॉक्टर ना?"

"हो, ढोरांचाच," तो म्हणाला आणि बादलीत हात धुऊ लागला. "धारेच्या वेळी तुम्ही गोठ्याजवळ थांबू नका. आणि बाईंचं धारेचं लुगडं असेल तर सूनबाईंनी ते नेसून बसावं. म्हशी वास ओळखतात."

कौशल्यानं मान खाली घातली. ते मी बरोबर पाहिलं. माझ्या मनात आलं, या तिघांनी हे ठरवून केलंय. मला दारातून उठवायचं, एवढंच त्यांना पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, बाजाराच्याच दिवशी, रंगराव सकाळच्या गाडीनं कामावर गेला. दुपारनंतर मी पिशवी घेतली आणि वच्छलाबाईला ऐकू जाईल असं म्हणालो, "नांदुऱ्याले जातो." एसटीच्या रस्त्यापर्यंत गेलो, नाल्यातून परत फिरलो आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड उभा राहिलो. काठी हातात होती.

थोड्या वेळानं हिरवं लुगडं आलं.

पाठमोरी बाई, तोच काष्टा, गुडघ्यांत बादली. काठीवरची मूठ इतकी आवळली की बोटं दुखली. ती कौशल्या आहे हे डोक्याला माहीत होतं, अंगाला नव्हतं.

"हो भुरे, हो माय," ती म्हणाली. झुंबर म्हणायची तशीच.

धार बादलीच्या पत्र्यावर वाजली. मग वाजेना, फेसात बुडू लागली. तो आवाज मी विसरलो होतो. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि कडबा खसखसला.

भुरीनं कान टवकारले. डोळा माझ्याकडे वळला. धार बारीक झाली आणि थांबली.

कौशल्यानं मागे पाहिलं नाही. "मामाजी, तुमीच आहा ना?"

"तुले कसं समजलं?"

"मले नाई, हिले समजलं."

"लुगडं काऊन नेलं?"

"मागतलं असतं तं देलं असतं का? दुपारी तुमचा डोळा लागला का मी नेसून हिच्याजवळ बसत होती. हिले सवय व्हावी म्हून."

मी दिलं नसतं. घरात तिला हे लुगडं नेसलेलं पाहिलं असतं तर फेडायला लावलं असतं.

"काठी ठेवा आन् जा आता," ती हळूच म्हणाली. "दादा येऊन राह्यला. तुमी बोलावलं, ठाऊक आहे मले. नेनार असन तं नेन. पन त्याच्या चहात काय घालू, ते तं काढू द्या."

मी काठी कडब्यावर ठेवली आणि रस्त्यापाशी जाऊन बसलो. तिथून गोठा दिसत नव्हता. न पाहता बसणं फार जड गेलं. दोनदा उठलो, दोनदा बसलो.

एसटी आली. कौशल्याचा भाऊ नारायणराव उतरला. चेहरा आधीच तापलेला.

"मामाजी, काय केलं आमच्या बाईनं?"

"आधी घरी चाला. चहा घ्या."

कौशल्यानं आपलं पातळ नेसून चहा आणला. चहा दुधानं दाट होता. चुलीजवळ बादलीवर फडकं झाकलेलं होतं. ते उचलून आत पाहावं असं मला फार वाटलं. मी हात मांडीखाली दाबून धरला.

"बोला आता," नारायणराव म्हणाला.

कौशल्या दाराला धरून उभी होती.

"तिले दिवस गेले. सासू नाई राह्यली. भाऊ भेटला तं बरं वाटन तिले, म्हून बोलावलं."

"एवढ्यासाठी? निरोप तं घेऊन जा असा होता."

"निरोप चुकीचा होता. एवढ्यासाठीच बोलावलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग परत माझ्याकडे. त्याचा विश्वास बसला नव्हता. कप तोंडाशी नेता नेता तो थांबला आणि त्यात काही कालवलंय का, असं आत पाहू लागला.

"पी ना दादा," कौशल्या म्हणाली. "घरचंच दूध आहे."