उंबऱ्यावरचं काढ्याचं मडकं

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर आभाळातल्या पाच विजा एकदम माझ्या डोक्यात पडोत आणि उरलेले दोन दातही घेऊन जावोत.

आमच्या गल्लीत काढ्याचं मडकं एकच. आणलेलं चियाओलानच्या सासूनं, पण मालकी कुणाचीच राहिली नव्हती. ज्याच्या घरी दुखणं, त्याच्या घरी मडकं. पुढच्याला लागलं की त्यानं येऊन उचलून न्यायचं. आपण होऊन मात्र ते कुणाकडे पोचवायचं नाही. मडकं दारात ठेवलं म्हणजे आजारच दारात ठेवला. इतक्या पिढ्यांचा कडूपणा मुरला होता त्यात, की नुसतं पाणी उकळलं तरी खोकला गाव सोडून पळायचा.

त्या हिवाळ्यात मडकं होतं शेजारच्या मायशियांगकडे. तिचा नवरा छातीच्या दुखण्यानं खंगत खंगत गेला. आणि इकडे चियाओलानच्या नवऱ्याला, तेशुनला, खोकला लागला. खोकला तरी कसा, डोंगरात खणलेल्या त्या घराच्या छताची माती भुरूभुरू त्याच्या शेवयांत पडायची. मडकं आणायला हवं होतं. पण जिथून आत्ताच तिरडी उठली त्या घरातून आणायचं? चियाओलानचं मन घेईना. ती आपली मुळ्याचा रस नि आलं पाजत बसली.

एके दिवशी पहाटे दार उघडलं, तर उंबऱ्यावर मडकं. वर झाकण. बर्फात उमटलेली पावलं थेट मायशियांगच्या दारापर्यंत.

चियाओलानच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या अंगावर पांढरं चढलं, आता माझ्याही चढवायचंय हिला! मडकं उचललं, रागात त्याचा चटकाही जाणवला नाही तिला, भर गल्लीत आपटलं आणि ओरडली, "अगं ए, एक नवरा खाल्लास, आता तोंडी लावायला माझा हवाय का?"

गल्ली गोळा झाली. मायशियांग आपल्या दारात उभी होती, बाह्यांत हात खुपसून. एक अक्षर बोलली नाही.

आणि खापऱ्यांमधून वाफ निघाली. काळाभोर काढा, नुकता चुलीवरून उतरवलेला. बर्फात त्याचं भोक पडत चाललं होतं. मेलेल्याच्या औषधाचा उरलेला चोथा असता, तर त्याची कधी वाफ निघते का?

चियाओलाननं ती वाफ पाहिली. नीट पाहिली. सुतकातली बाई दुसऱ्याचं घर चढत नाही, हाकही मारत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? एका क्षणात सगळं लख्ख कळलं तिला. पण गल्ली तोंडाकडे बघत होती. तिनं पायानं बर्फ त्यावर लोटला आणि म्हणाली, "मेलेल्याचा चोथा पाठवलाय भवानीनं."

तेशुन बरा झाला, आपला आपणच. पण मायशियांगला नव्या वर्षाची कणीक मळायला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तिच्याकडून चिमूटभर मीठही कुणी मागून नेलं नाही. चियाओलान मनाशी म्हणायची, तोंड होतं ना तिला, बोलायला काय झालं होतं? दोष तिचाच. असं म्हणत म्हणत तरुणपण गेलं. मग केस पिकले, आणि ते म्हणणंही तिचं तिला पटेनासं झालं.

मागच्या शरदात मायशियांगची लेक तिला कायमची शीआन शहरात न्यायला आली. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी. आज नाही बोललो तर हे आपल्याबरोबर मातीत जाणार, हे चियाओलानला कळून चुकलं. पायांत चपला उलटसुलट घालून ती त्या दारात गेली. मायशियांग गोधडीचं गाठोडं बांधत होती.

"मायशियांग, त्या मडक्यातून वाफ येत होती."

मायशियांगनं मान वर केली नाही. "येणारच. अंधारात उठून उकळवला होता. भिंतीतून त्याचा खोकला ऐकवत नव्हता."

"मी पाहिली होती गं. तेव्हाच."

"ठाऊक आहे. तू पायानं बर्फ लोटलास ना, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तू बोलशील. आज बोलशील, उद्या बोलशील. मग एक दिवस लक्षात आलं, आपण वाट बघायची सोडून दिलीय." एवढं म्हणून ती हसली. "धर ते टोक. एकटीला आवळत नाही."

चियाओलाननं टोक धरलं. बोललं की हलकं वाटेल, असं वाटलं होतं तिला. कसलं हलकं नि कसलं काय! मायशियांगनं गाठ मारली, गाठोडं लेकीच्या हातात दिलं आणि मागे न बघता गेली. गाडीची धूळ बसली तरी चियाओलान त्या रिकाम्या घरात उभीच. हात कुठे ठेवावे कळेना.

हे सगळं खरं. फक्त मायशियांग हसली म्हणाले ना, ते मी घातलं. चियाओलानचा चेहरा मला बघवेना, म्हणून.

हसली नव्हती ती.